पेरणीच्या तोंडावर रुजू झालेल्या पशुवैद्यकास

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या सांगली जिल्ह्यातील, पदवी शिरवळच्या महाविद्यालयाची, आणि लोकसेवा आयोगामार्फत निवड होऊन एप्रिलअखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात श्रेणी-१ दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून रुजू झालात. तीन आठवडे झाले, दिवसाला चार-पाच जनावरे येतात, बाकीचे लोक पदवी नसलेल्या एका गृहस्थाकडे जातात, घर ठरलेले नाही म्हणून तुम्ही यवतमाळहून ये-जा करता, आणि संध्याकाळी परतताना आपले इथे काही काम आहे का, असा प्रश्न मनात येतो. घर कुठे करावे, लोकांचा विश्वास कसा मिळवावा आणि पहिल्या सहा महिन्यांत कशाकडे लक्ष द्यावे, असे तुम्ही विचारले आहे. मी १९९८ पासून यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांत हेच काम करते आहे. माझी पहिली नेमणूकही अशीच, अनोळखी गावात आणि उन्हाळ्याच्या शेवटी झाली होती.

सर्वात आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकीचे सारे तिच्यातूनच निघते. तुम्ही ज्या भागातून आलात तिथे जनावराचा हिशोब दुधावर होतो. संकरित गाय, तिचे वेत, तिची कास, डेअरीतील फॅट आणि दर यांभोवती पशुवैद्यकाचा दिवस फिरतो. इथे गावातल्या बहुतेक घरांचा हिशोब अजून बैलावर आहे. नांगरटीला ट्रॅक्टर आला असला, तरी पेरणीआधीची वखरपाळी आणि उभ्या कपाशीच्या ओळींमधली डवरणी अजून मोठ्या प्रमाणात बैलजोडीच करते. पाऊस पडून वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आली की पेरणीला मोजके दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत जोडीतला एक बैल बसला तर दुसराही निकामी होतो, कारण एका बैलाने वखर चालत नाही. म्हणून महाविद्यालयात आपण तातडीच्या रुग्णांची जी उतरंड शिकतो, ती इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. एखाद्या बैलाचा सुजलेला खांदा जानेवारीत किरकोळ तक्रार असते. तोच खांदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या घराच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा प्रश्न असतो. हे ज्या दिवशी मनाने पटेल, त्या दिवसापासून कोणाकडे आधी जायचे याचा तुमचा निर्णय आणि शेतकऱ्याची अपेक्षा जुळू लागतील.

हे मी चूक करून शिकले. पहिल्याच वर्षी घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या पावसाळी रोगांचे लसीकरण करायला मला उशीर झाला. रुजू होणे, कार्यभार, साठ्याची मोजणी यांत मे महिना निघून गेला आणि मी जूनच्या पहिल्या आठवड्यात गावोगाव फिरू लागले. घाईत एका बैलाला मानेच्या मागच्या बाजूस, म्हणजे जू टेकते त्या जागेच्या अगदी जवळ, सुई दिली. तिथे लिंबाएवढी गाठ आली. चारच दिवसांत मृगाचा पाऊस पडला, सगळे गाव वावरात गेले आणि तो शेतकरी माझ्या दारात उभा राहिला. तो रागावला नव्हता. तो एवढेच म्हणाला, "मॅडम, तुमच्या सुईनं माह्या बैलाचा रोग टळला असंन, पण माही पेरणी गेली." त्याला शेजाऱ्याची जोडी मिळेपर्यंत आठ दिवस गेले. पुढच्या वर्षी त्या गावातल्या निम्म्या लोकांनी लसीकरणाच्या दिवशी बैल आधीच रानात नेऊन ठेवले होते, आणि त्यांची समजूत काढायला मला तीन हंगाम लागले.

त्यामुळे हातात उरलेले मेचे दिवस फक्त लसीकरणासाठी ठेवा, असे आग्रहाने सांगते. लस दिल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणून मृग नक्षत्र लागण्याच्या पुरेसे आधी हे काम आटोपले पाहिजे. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना दुपारी जनावरे एकत्र करणे हा जनावरांवरही अन्याय आहे आणि लसीवरही, कारण तिला दोन ते आठ अंश तापमान लागते आणि बर्फाचा डबा वारंवार उघडला की ते टिकत नाही. पहाटे साडेपाचला आखरावर हजर राहा. गुराखी ढोरे रानात नेण्याआधी तिथे गोळा करतो, आणि त्या दीड-दोन तासांत जेवढे काम होते तेवढे दारोदार फिरून दिवसभरात होत नाही. बैलांना सुई मानेच्या मधल्या भागात, जुवाच्या जागेपासून दूर द्या, आणि ती तिथे का देता आहात हे मालकाला मोठ्याने सांगा. दोन दिवस अंग कोमट राहील, गाय थोडे दूध कमी देईल, हेही आधीच सांगावे. आधी सांगितलेला त्रास लोक सहन करतात. न सांगितलेला त्रास त्यांना आपली चूक वाटते, आणि त्यांचे फारसे चुकत नाही.

पेरणीच्या दिवसांत तुमच्याकडे सर्वाधिक येतील ते खांदे. याचे कारण समजून घ्या, कारण औषधापेक्षा त्याचाच उपयोग अधिक होतो. उन्हाळाभर बैल जवळपास रिकामा असतो, खांद्याची कातडी मऊ पडते आणि मग एकदम दिवसभराचे जू मानेवर येते. त्यात जोडीतले बैल उंचीला विषम असतील, जू खडबडीत असेल किंवा पावसाने मान ओली असेल, तर दोन दिवसांत सूज येते. ताजी सूज विश्रांती, थंड पाण्याचा शेक आणि मॅग्नेशियम सल्फेट व ग्लिसरीनच्या लेपाने उतरते; जुनी, दगडासारखी झालेली गाठ शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. मात्र मेच्या शेवटच्या आठवड्यात आखरावर भेटणाऱ्या प्रत्येकाला एवढे सांगा, की पहिले पाच-सहा दिवस सकाळी दोन तासच जुंपा, जू रंध्याने गुळगुळीत करून घ्या आणि मान कोरडी करूनच जुंपा. हा सल्ला देणारी डॉक्टर त्यांना आपल्यातली वाटते, कारण ती त्यांच्या वखराबद्दल बोलते आहे. सुजेवर डाग देण्याची पद्धत अजून आहे. डागलेला बैल आणणाऱ्याला चारचौघांत बोलू नका. डागाने कातडी कायमची जाड होते आणि जू तिथेच पुन्हा घासते, हे त्या बैलाच्या मानेवरच हात ठेवून दाखवले की बहुतेकांना पटते.

पावसाळा लागला की तिवा, म्हणजे जनावरांचा तीन दिवसांचा ताप, येईल. एकाएकी चढलेला ताप, आज एक पाय तर उद्या दुसरा असे लंगडणे, आखडलेले अंग. बैल तीन-चार दिवसांत बहुधा आपोआप उठतो आणि आपले काम ताप व वेदना आटोक्यात ठेवण्याचे असते. पण एका गोष्टीवर ठाम राहा. तिव्यात गिळण्याची क्रिया कमजोर होते, आणि घरचे लोक काळजीपोटी बांबूच्या नळ्याने काढा पाजतात. तो फुप्फुसात जातो आणि जो बैल तिव्याने मेला नसता तो न्यूमोनियाने मरतो. मी असे इतके बैल पाहिले आहेत की प्रत्येक तिव्याच्या गोठ्यातून निघताना "नळ्याने काही पाजायचे नाही" हे वाक्य मी घरातल्या बाईला आणि गड्याला वेगवेगळे सांगते. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम वापरा. गिधाडांच्या नाशामुळे जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये, आणि ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली. मागच्या कोणाच्या काळातली एखादी कुपी कपाटात राहिली असेल, तर ती नियमाप्रमाणे नष्ट करून टाका.

ऑगस्टपासून कपाशीवर फवारण्या सुरू होतात, आणि या जिल्ह्यात त्याबद्दल वेगळे सांगण्याची गरज नसावी. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने इथे शेतकऱ्यांचे जीव गेले, ते सर्वांच्या स्मरणात आहे. जनावरांची विषबाधा गाजत नाही, पण ती दरवर्षी होते. धुऱ्यावर ठेवलेल्या बादलीतले द्रावण बैल पितो, फवारलेल्या वावरातले गवत घरी येते, किंवा गोचीड मारण्यासाठी कोणी कपाशीचेच औषध जनावराच्या अंगाला लावतो. लाळ, स्नायूंचे थरथरणे, पातळ शेण आणि बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या की निदानाला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो औषध मिळायला. हिशोब करून पाहा. तीनशे किलोच्या बैलाला किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम धरले तरी ॲट्रोपिन हा या विषावरचा उतारा ७५ मिलिग्रॅम लागतो, आणि माणसांच्या औषधांत मिळणाऱ्या एका ॲम्प्यूलमध्ये ते ०.६ मिलिग्रॅम असते. म्हणजे एका बैलाच्या पहिल्या मात्रेसाठी सव्वाशे ॲम्प्यूल, आणि त्यातला पाव भाग शिरेतून, उरलेला कातडीखाली देऊन काही तासांनी पुन्हा द्यावे लागते ते वेगळेच. दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात एका रात्री मी अशा बैलाजवळ बसले होते आणि माझ्या पेटीत वीस ॲम्प्यूल होत्या. माणूस तालुक्याला पाठवला, तो परत येईपर्यंत बैल गेला होता. त्या घरात मी नंतर अनेकदा गेले आणि त्यांनी मला कधी दोष दिला नाही, पण साठ्याची वही मी तेव्हापासून स्वतः लिहिते. पशुवैद्यकीय वापराच्या मोठ्या कुप्या मिळतात. त्या जुलैतच मागवून ठेवा आणि त्यांच्यावरची मुदत तपासा.

दूधदुभत्याकडे, अडलेल्या म्हशीकडे किंवा झार (वार) न पडलेल्या गाईकडे दुर्लक्ष करा, असे मी म्हणत नाही. त्या कामात तुमचा हात माझ्या त्या वेळच्या हातापेक्षा नक्कीच तयार असेल. फक्त झार काढताना आणि गाभडलेल्या जनावराला हात लावताना खांद्यापर्यंतचे हातमोजे घालण्यात कधीही सवलत घेऊ नका. ब्रुसेला हा जनावरे गाभडवणारा रोग माणसालाही होतो, महिनोन्महिने उतरता-चढता ताप देतो, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींना देण्याची त्याची लस जिवंत जंतूंची असल्याने स्वतःला टोचलेली सुईही तितकीच गंभीर समजावी व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घशात काही अडकले आहे असे सांगून लाळ गाळणारी गाय आणली, तर हात आत घालण्यापूर्वी रेबीजचा विचार करा. कुत्रे चावल्याचे कोणाला आठवतही नसते. प्रतिबंधक लसीचे डोस तुम्ही अजून घेतले नसतील, तर हे उत्तर वाचून झाल्यावर पहिले काम तेच करा. आणि अचानक मेलेल्या, नाका-गुदद्वारातून न गोठणारे रक्त येत असलेल्या जनावराचे शवविच्छेदन करू नका. कानाच्या शिरेतून काचपट्टीवर रक्त घ्या आणि फाशी रोग (अँथ्रॅक्स) नाही हे ठरेपर्यंत कोणालाही कातडे काढू देऊ नका.

टिपेश्वर अभयारण्य जवळ असल्यामुळे वाघाने मारलेल्या जनावराच्या पंचनाम्यासाठीही तुम्हाला बोलावतील. शव हलवण्याआधी आणि वनविभागाचा माणूस सोबत असतानाच जा, गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणा नीट मोजून लिहा. भरपाई त्या कागदावर अवलंबून असते, आणि दया म्हणून लिहिलेला एक चुकीचा दाखला पुढच्या दहा खऱ्या दाखल्यांना संशयास्पद करतो.

आता घराविषयी. यवतमाळहून ये-जा करणे बंद करा आणि जूनपूर्वी दवाखान्याच्याच गावात राहायला या. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे म्हणून मी हे सांगत नाही. गाय रात्री दोनला अडते, बैल संध्याकाळी वावरातून परतल्यावर खाली बसतो, आणि साडेपाचच्या बसने जाणाऱ्या डॉक्टरचा त्या दोघांनाही उपयोग नसतो. तुम्ही ज्यांच्याविषयी लिहिले आहे, त्या गृहस्थांकडे लोक का जातात याचे उत्तर बहुधा एवढेच असते, की ते रात्री सापडतात. त्यांच्याशी वैर धरू नका आणि त्यांच्यावर पांघरूणही घालू नका. नोंदणीकृत पशुवैद्यकानेच उपचार करावा, हे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने ठरलेले आहे, आणि बिघडलेला रुग्ण तुमच्याकडे आला की आधी कोणती सुई दिली हे त्यांना सरळ फोन करून विचारावे. मी तसे विचारत गेले, आणि दोन-तीन वर्षांनी अवघड जनावरे ते स्वतःच माझ्याकडे पाठवू लागले.

घर निवडताना भाडे आणि खोल्या यांच्या आधी तीन गोष्टी पाहा. पहिली, मालक गावातल्या कोणत्याही गटाचा नसावा. सरपंचाच्या किंवा त्याच्या विरोधकाच्या घरात राहणारी डॉक्टर पहिल्याच निवडणुकीत अर्ध्या गावाची उरत नाही. निवृत्त शिक्षकाचे घर मिळाले तर उत्तम. दुसरी, घरात शिरण्याआधी बाहेर हात-पाय धुता येतील असा नळ किंवा न्हाणी हवी, गमबूट आणि कामाचे कपडे बाहेरच राहिले पाहिजेत, आणि लस कधीही घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची नाही. तिसरी, पिण्याचे पाणी. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड अधिक आहे, म्हणून बोअरचे पाणी तपासून घेतल्याशिवाय वर्षानुवर्षे पिऊ नका.

एकटीने रात्री जाण्याविषयी तुम्ही थेट विचारले नाही, पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात ते होते. मी पहिल्या महिन्यात एक नियम केला आणि तो सगळ्यांना सांगून टाकला, की रात्री ज्यांचे जनावर आहे त्यांनी न्यायला आणि सोडायला यायचे, सोबत घरातली एक बाई आणायची, आणि निघताना मी परिचराला गावाचे व माणसाचे नाव कळवणार. कोणालाही यात अपमान वाटला नाही. उलट बायका गोठ्यात सोबत उभ्या राहिल्यामुळे ज्या गोष्टी पुरुष सांगत नाहीत त्या मला कळल्या. गाय माजावर कधी आली, कुटार कमी कधी झाले, ढेप बंद का झाली, हे घरातल्या बाईलाच नेमके ठाऊक असते.

दवाखान्यातला व्रणोपचारक (मलमपट्टी करणारा) आणि परिचर हे तुमचे खरे शिक्षक आहेत. कोणाचा बैल मारका आहे, कोणत्या पांदणीने ऑगस्टमध्ये जाता येत नाही, कोलाम आदिवासींच्या कोणत्या पोडावर (वस्तीवर) आणि कोणत्या तांड्यावर अजून कोणी डॉक्टर पोहोचलेला नाही, हे त्यांना माहीत असते. त्यांना खुर्ची द्या आणि विचारा. तपासताना जनावर अडकवून ठेवायचा खोडा मोडलेला असेल तर सर्वात आधी तो दुरुस्त करून घ्या, कारण मोठ्या जनावरांच्या कामात आपल्याला होणाऱ्या बहुतेक इजा या घाईच्या आणि अर्धवट बांधलेल्या जनावराच्या असतात. आठवडी बाजाराच्या दिवशी काहीही झाले तरी दवाखाना सोडू नका. त्या एका दिवशी वीस गावांची माणसे तिथून जातात आणि खुर्ची रिकामी दिसली तर ते वीस गावांत कळते. सरकारी सेवाशुल्काची पावती प्रत्येक वेळी फाडा, आणि त्यावर एक रुपयाही घेऊ नका. चहा मात्र नाकारू नका. बोलीही आपोआप येईल. शेताला वावर, बैलगाडीला बंडी, वारेला झार म्हणतात, आणि "बैल खाऊन नाई राह्यला जी" या वाक्यात किती दिवसांपासून हे सांगितलेले नसते, ते विचारावे लागते.

एकटेपणावर माझ्याकडे औषध नाही. पहिल्या पावसाळ्यात मलाही तो फार जाणवला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र घरी बसू नका. त्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" असे त्यांना सांगतात. ज्यांच्या बैलांवर तुम्ही जून-जुलैत उपचार केले असतील त्या घरी जा आणि खांदे पाहून या. त्या एका संध्याकाळी हंगामभरातल्या तुमच्या कामाची तपासणी होते, कारण बरा झालेला खांदा आणि न झालेला खांदा दोन्ही उघड्यावर असतात. मी अजून दरवर्षी जाते, वही सोबत नेते.

तुमच्या तालुक्यापासून मी फार लांब नाही. मेच्या अखेरीस घटसर्प-फऱ्याची किती लस उरली आणि कपाटात ॲट्रोपिन किती आहे हे मोजून मला कळवा. ॲट्रोपिन कमी असेल तर तुमची मागणी मंजूर होईपर्यंत माझ्या साठ्यातून रीतसर नोंद करून पाठवण्याची व्यवस्था करते.